आईबाबांना संध्याकाळच्या कार्यक्रमाला नेताना: 'नको, तुम्हीच जा' याचं काय करायचं?

सायंतारा:
जवळच्या सभागृहात गाणं असतं, मैदानात नाटक असतं, वाचनालयात कोणी बोलणार असतं. सत्तरी ओलांडलेल्या आईला किंवा बाबांना विचारावं तर ठरलेलं उत्तर येतं, "नको, तुम्हीच जा." तरीही नेलं आणि सगळं जुळून आलं, तर तीच माणसं मध्यंतरात शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारतात, ओळीमागून ओळी पुटपुटतात, आणि घरात कधी न निघालेल्या गोष्टी परतीच्या वाटेवर निघतात. अशी संध्याकाळ योगायोगावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

माझं मत असं: अनपेक्षित जे काही असेल ते मंचावर असावं, व्यवस्थेत अजिबात नसावं. कुठे बसायचं, किती पायऱ्या, स्वच्छतागृह कुठे, घरी किती वाजता, हे त्यांना आधीच ठाऊक हवं.

जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती. "काळजी घ्या" एवढंच नको. कशाची, किती आणि का, ते सांगा. दुसरा प्रश्न: न सांगता अचानक न्यावं की आधी सांगून?

खारूताई:
चांगला धागा. "येणार का?" हा प्रश्नच विचारू नये, त्याचं उत्तर "नको" असंच येतं. त्या "नको"च्या मागे बहुतेक वेळा चारांपैकी एक गोष्ट असते: मधेच लघवीला जावं लागलं तर, ऐकू आलं नाही तर, अंधारात पाय चुकला तर, आणि माझ्यामुळे तुमचा विरस झाला तर. पहिल्या तिन्हींवर उपाय आहेत, पण त्यासाठी प्रश्न सुटा विचारायला हवा. "कडेची खुर्ची मिळाली, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असलं आणि साडेनऊला घरी आलो, तर यायला आवडेल?" असं विचारलं की अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं.

मधली_रांग:
सभागृहाच्या व्यवस्थापनाच्या बाजूने लिहितो. तिकीट काढण्याआधी फोन करा आणि "ज्येष्ठांसाठी सोय आहे का?" असं विचारू नका, कारण "हो, आहे" असंच सांगितलं जातं. हे विचारा:

फाटकापासून खुर्चीपर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि कठडा एका बाजूला की दोन्ही? रॅम्प, म्हणजे पायऱ्यांऐवजी असलेली उताराची वाट, संध्याकाळी उघडा असतो का, कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? स्वच्छतागृह त्याच पातळीवर आहे का, आणि त्यात कमोड व धरायला दांडी आहे का? गाडी दारापर्यंत येते का? मध्यंतर आहे का, आणि किती मिनिटांचं?

यातलं किल्लीचं सर्वात जास्त नडतं. रॅम्प बांधलेला असतो, पण तो बाजूच्या दाराला असतो आणि ते दार सुरक्षारक्षक बंद करून ठेवतो. किल्लीवाल्या माणसाचं नाव आणि नंबर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

आता खुर्ची. पहिली रांग टाळा. मंच उंच असतो, मान दोन तास वर करून बसावं लागतं आणि मानेचा त्रास असलेल्यांना चक्कर येते. बाल्कनी तर नकोच, तिथल्या पायऱ्या सर्वात उभ्या आणि अरुंद असतात. दारातून आत आल्यावर कमीत कमी पायऱ्यांवर जी रांग लागेल ती चांगली, मग ती सातवी असो की बारावी. खुर्ची रांगेच्या कडेची घ्या, पण कोणत्या कडेची हेही महत्त्वाचं. गुडघा वाकत नसेल तर तो पाय मोकळ्या वाटेकडे यायला हवा. उजवा गुडघा दुखरा असेल तर मंचाकडे तोंड करून बसल्यावर उजव्या हाताला वाट असेल अशी खुर्ची निवडा. उलट घेतली तर तो पाय पुढच्या खुर्चीखाली अडकतो आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी उठावं लागतं.

वातानुकूलित सभागृहात छताकडे एकदा बघा. झरोक्याच्या थेट खाली खुर्ची आली तर अर्ध्या तासात पाय गार पडतात. शाल सगळे नेतात, मोजे कोणी नेत नाही, आणि गरज मोज्यांचीच जास्त असते.

दारं उघडतात त्याच वेळी, म्हणजे साधारण अर्धा तास आधी आत या. शेवटच्या दहा मिनिटांत वाटेत गर्दी असते आणि मागचे लोक घाई करतात. बाहेर पडतानाही सभागृह अर्धं रिकामं होईपर्यंत बसून राहा. दिवे लागल्यावर कर्मचारी कोणालाही लगेच उठवत नाहीत.

कानसेन:
मधली_रांग यांनी खुर्चीचं छान सांगितलंय. त्यात कानाची भर घालतो.

वय वाढतं तशी आधी उंच स्वरांची ऐकण्याची ताकद जाते. बोलण्यातले अ, आ, इ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ, क यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती वरच्या पट्टीतल्या आवाजावर. म्हणून "आवाज येतोय, पण काय बोलतायत ते कळत नाही" अशी तक्रार होते. ती खरी असते, लक्ष नसल्यामुळे होत नाही. त्यात सभागृह घुमणारं असेल तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि उरलंसुरलंही जातं.

यावरून तीन गोष्टी ठरतात. नाटक किंवा व्याख्यान असेल तर ओठ दिसतील इतकं जवळ बसा. ओठ आणि चेहरा दिसला की गेलेली व्यंजनं डोळ्यांनी भरून निघतात. भिंतीला लागून आणि बाल्कनीच्या छज्जाखाली खोलवर बसू नका. आणि एक कान चांगला असेल तर तो मंचाकडे यायला हवा: डावा कान चांगला असेल तर सभागृहाच्या उजव्या भागात बसा, म्हणजे मंच डावीकडे येतो. तुम्ही स्वतः चांगल्या कानाच्या बाजूला बसा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी: सभागृहात कानाचं चित्र आणि शेजारी इंग्रजी 'टी' अशी पाटी दिसली तर तिथे लूप बसवलेला आहे. बसण्याच्या जागेभोवती तार फिरवलेली असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून मंचावरच्या माइकचा आवाज थेट यंत्रातल्या टेलिकॉइलमध्ये, म्हणजे ते क्षेत्र पकडणाऱ्या छोट्या तारेच्या गुंडाळीत, उतरतो. सभागृहाचा घुमारा आणि शेजारच्यांचा खोकला मधे येत नाही. मात्र यंत्रात टेलिकॉइल असावी लागते, आणि ती ज्या तज्ज्ञाने यंत्र बसवलं त्याच्याकडून चालू करून घ्यावी लागते. बऱ्याच लहान, चार्ज होणाऱ्या यंत्रांत ती नसतेच. तेव्हा आठवडाभर आधी विचारा, कार्यक्रमाच्या दारात नव्हे.

अनवट:
@कानसेन, "जवळ बसा" याला ध्वनिव्यवस्थेच्या बाजूने आक्षेप आहे. छोट्या सभागृहात आणि मैदानात स्पीकर मंचाच्या दोन्ही टोकांना असतात. तुम्ही सांगताय तसं ओठ दिसण्याइतकं जवळ जाऊन बाजूला बसलं की माणूस बरोबर स्पीकरच्या तोंडी येतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ४ मीटरवर १०० डेसिबल असेल तर ८ मीटरवर ९४, १६ मीटरवर ८८. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची कामाच्या ठिकाणांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो मानदंड काढला त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. म्हणजे तेवढा आवाज "नियमात" असला तरी आईबाबांना दोन तास सोसण्याजोगा नाही.

फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. आत शिरल्यावर चाचणीचा आवाज चालू असतानाच मोजा, ९० च्या वर सतत दिसलं तर जागा बदला.

कानसेन:
@अनवट, आक्षेप मान्य आहे आणि त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग लिहायचा राहिला होता, तो असा. उतारवयातल्या कानात मऊ आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पटकन असह्य होतो. ऐकू येणं आणि असह्य होणं यांतलं अंतरच आखडलेलं असतं. "बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरजवळ बसवू" हा हिशेब त्यामुळे उलटा पडतो.

म्हणून व्याख्यान आणि नाटकाला पुढे, पण स्पीकरच्या थेट समोर न येता मधल्या बाजूला. माइक-स्पीकर लावलेल्या गाण्याला मधे, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाच्या आसपास. तिथे बसलेला माणूस जो आवाज ऐकून जुळवणी करतो, तोच तुम्हाला मिळतो.

यंत्राबद्दल आणखी. यंत्राची मूळ जुळवणी बोलणं ऐकण्यासाठी असते. सलग सूर कानावर पडला की यंत्र त्याला शिट्टी किंवा गोंगाट समजून दाबायला जातं, आणि तानपुरा किंवा बासरी कापरी ऐकू येते. तज्ज्ञाकडून यंत्रात संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घ्या: गोंगाट कमी करण्याची सोय बंद, शिट्टी रोखण्याची सोय बंद किंवा अगदी कमी. आवाज फाटत असेल तर यंत्राचा आवाज कमी करून उपयोग होत नाही, कारण तो माइकमधून आत येतानाच फाटलेला असतो. अशा वेळी मागे सरकणं हाच उपाय.

बॅटरी जस्त-हवेची असेल तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. एकदा स्टिकर काढलं की ती वापरा न वापरा उतरतच राहते, म्हणून आदल्या रात्री काढून ठेवू नका. आकार रंगावरून ओळखा: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. जास्तीची जोडी तुमच्या खिशात ठेवा, त्यांच्या पिशवीच्या तळाशी नको.

खारूताई:
मोठा आवाज कमी करायला कानात फोमचे बोळे चालतील का?

कानसेन:
आवाज कमी होईल, पण ते उंच स्वर जास्त अडवतात, म्हणजे आधीच कमी असलेली व्यंजनं आणखी जातात. वादकांसाठी मिळणारे, सगळे स्वर सारखे उतरवणारे बोळे घ्या. दोन्हींपेक्षा जागा बदलणं बरं.

चालढाल:
एवढी यादी वाचून आई म्हणेल, "मला कार्यक्रमाला नेताय की गिर्यारोहणाला?" :)

पायरी_पायरी:
@चालढाल, नाट्यगृहाच्या काही पायऱ्या खरंच त्या योग्यतेच्या असतात! भौतिकोपचाराच्या बाजूने लिहिते.

काठी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची; त्याच बाजूच्या हातात धरलेली दिसते ती चूक. उंची बाहेर जायचे बूट घालून मोजा: हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतो. खालचं रबर उलटं करून बघा. खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला असेल तर फरशीवर काठी घसरते. रबर वेगळं मिळतं, बदलून घ्या.

चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मग चांगला. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच. सोबतच्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, थोडं बाजूला राहायचं. आणि दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर त्यांना धरू द्या; आधार कधी सोडायचा ते त्यांच्या हातात राहतं.

सभागृहातल्या वाटेच्या पायऱ्या फसव्या असतात. एक रुंद, एक अरुंद, मग दोन रुंद अशी त्यांची लय बदलते आणि पायाचा अंदाज चुकतो. सर्वात जास्त गडबड शेवटच्या पायरीवर होते, अजून एक आहे किंवा संपल्या असं वाटून. "आता शेवटची" असं तोंडाने म्हणा.

मैदानातल्या खुर्च्या. प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी असते, आणि मऊ मातीत मागचे पाय रुतले की आणखी खाली जाते. बसणं सोपं, उठणं अवघड. हात असलेलीच खुर्ची घ्या. दोन सारख्या खुर्च्या एकात एक घातल्या की थोडी उंचीही वाढते आणि मजबुतीही. मागच्या पायांखाली फळीचा तुकडा टाका. पायाच्या सांध्याजवळ पांढुरकी रेघ दिसली तर ती चीर आहे, ती खुर्ची बाजूला ठेवा.

उठताना: आधी कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं, मग खुर्चीचे हात दाबून उठायचं. समोरून हात धरून ओढलं तर वजन मागेच राहतं आणि माणूस पुन्हा खुर्चीत आदळतो.

रुईफूल:
पायरी_पायरी यांच्या उठण्याच्या मुद्द्याला जोडून. दोन तास बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहताना होणारा रक्तदाबाचा उतार म्हणतात, आणि रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी तो वाढतो. म्हणून शेवटचं गाणं चालू असतानाच घोटे वर-खाली वीसेक वेळा हलवायला सांगा. मग उठून खुर्चीचा आधार धरून मिनिटभर तिथेच उभं राहायचं, नंतर चालायचं.

लघवीचा विषय खारूताईंनी काढलाच आहे. भीतीपोटी बरीच मंडळी दुपारपासून पाणीच सोडतात. हे चूक आहे. पाणी कमी झालं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला जास्त टोचते, भावना वारंवार होते, वर रक्तदाबही उतरतो. दिवसभर नेहमीसारखं प्यावं आणि निघण्याआधीच्या दोन तासांत घोट-घोट घ्यावं. निघताना एकदा, सभागृहात पोचल्यावर एकदा, आणि मध्यंतराच्या आधी चार-पाच मिनिटं उठून एकदा. मध्यंतर झाल्यावर उठलं तर रांग लागते, आणि थांबवून धरणं त्यांना जमत नाही.

मधुमेह असेल तर जेवणाबरोबरचं इन्सुलिन घरी टोचून निघू नका. कार्यक्रम लांबला की जेवण लांबतं आणि साखर उतरते. ते जेवायला बसतानाच घ्यायचं. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, विसंगत बोलणं दिसलं, तर १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर द्या: ग्लुकोजची पूड तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. चॉकलेट किंवा बिस्किटं पहिल्यांदा देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारी) गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दिसत नाही, घाम मात्र येतो. गार सभागृहात घाम आलेला दिसला की तो उकाड्याचा समजू नका.

दिवेलागण:
लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घेतली नाही तर काय बिघडतं? एका दिवसाचाच प्रश्न.

रुईफूल:
@दिवेलागण, हृदय किंवा मूत्रपिंडासाठी ती गोळी चालू असेल तर बिघडतं. अंगात पाणी साठतं आणि रात्री आडवं झाल्यावर दम लागतो. वगळू नका. वेळ हलवता येते का ते डॉक्टरांना विचारा. फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी तोंडाने घेतली की तासाभरात काम सुरू करते आणि सहा ते आठ तास चालते. सकाळी आठची गोळी संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या आड येत नाही, दुपारची दुसरी गोळी येते. डॉक्टरांना नेमका तोच प्रश्न विचारा.

आणखी एक. सर्दी झालीय म्हणून झोप आणणारी सर्दीची गोळी देऊन नेऊ नका. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने अडू शकते, आणि पायही लटपटतात.

निरपेक्ष:
वरची सगळी माहिती कामाची आहे. पण माझा एक विरोध नोंदवतो. हे सगळं आईबाबांच्या डोक्यावरून ठरवलं तर ती संध्याकाळ त्यांची राहत नाही. दारावरच्या माणसाने तुम्हाला विचारलं, "यांना कुठे बसवायचं?" तर उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांच्याकडे बघा. त्यांचं तिकीट त्यांच्या हातात द्या. दोन कार्यक्रम समोर ठेवून निवड त्यांना करू द्या. कडेची खुर्ची नको, मधे बसायचंय म्हणाले, तर मधे बसा.

निघून यायचं असेल तर त्याची खूण आधी ठरवा, आणि ती वापरली की "अजून थोडं थांबूया ना" म्हणू नका. हवं तेव्हा निघता येतं याची खात्री असली की माणसं शेवटपर्यंत बसतात.

सायंतारा:
@निरपेक्ष, पूर्ण सहमत. यादी आपल्या खिशात असावी, त्यांच्या कानावर सतत पडू नये. डोळ्यांबद्दल कोणी लिहील का?

नेपथ्य:
प्रकाशयोजना करतो, म्हणून डोळ्यांचं मी लिहितो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हाला "अंधुक" वाटणारी वाट त्यांच्यासाठी काळोखी असते. उजेडातून अंधारात आल्यावर नजर पूर्ण बसायला वीस ते तीस मिनिटं लागतात, वयात त्याहून जास्त. म्हणून दिवे मालवल्यानंतर आत शिरणं हा सर्वात वाईट प्रकार. उशीर झालाच तर दारातून आत येऊन भिंतीशी थांबा आणि मंचावर पुढचा उजेड येईपर्यंत पाऊल टाकू नका.

फोनचा टॉर्च लावायचा तर त्यांच्या पायापुढच्या जमिनीवर, कंबरेच्या खालून. तुम्ही मागून पाडलेल्या उजेडात त्यांची स्वतःचीच सावली पायरीवर पडते आणि कड दिसेनाशी होते. मधे फोन उघडून चेहऱ्यासमोर धरला की जमलेली नजर पुन्हा जाते.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या अस्पष्ट दिसतात, कारण तो भाग वाचण्याच्या अंतरासाठी असतो. उतरताना हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून बघायचं. फक्त लांबचा वेगळा चष्मा असेल तर तोच न्या. मोतीबिंदू असेल तर प्रेक्षकांकडे रोखलेल्या दिव्यांनी सगळं पांढुरकं होतं. तेव्हा मंचाच्या कडेचे दिवे ज्या बाजूने डोळ्यांत येतात ती बाजू सोडून बसा.

माळरान:
आई चाकाच्या खुर्चीत असते. मैदानातला कार्यक्रम जमेल का?

पायरी_पायरी:
@माळरान, जमतो. मैदानात पुढची लहान चाकं रुततात आणि जमिनीवरून टाकलेल्या वायरींवर अडतात. गवतावरून खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्या, म्हणजे मोठी चाकं आधी जातात. रॅम्पचं प्रमाण १:१२ असावं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. १५ सेंमी उंच पायरीला १८० सेंमी लांब रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकून "सोय केली" म्हणतात, ती नाकारा. तीव्र उतारावर तुम्ही खाली आणि खुर्ची उलटी, असं उतरायचं. ब्रेक उभं करण्यासाठी असतात, वेग कमी करायला नाहीत.

उठता-बसताना ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला. पट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. मागच्या दांड्यांना जड पिशवी अडकवली असेल तर आई उठल्याबरोबर खुर्ची मागे पडते.

दोन तास त्याच खुर्चीत बसायचं तर जाड गादी हवी, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकून कुल्ल्यावरचा दाब हलका करायला सांगा.

मधली_रांग:
आणि तिकीट काढताना चाकाच्या खुर्चीची जागा "शेजारच्या खुर्चीसह" मागा. नाहीतर आई एका टोकाला आणि तुम्ही चार रांगा मागे, असं होतं.

दिवेलागण:
सोयींचं भरपूर झालं. पण न्यायचं कोणत्या कार्यक्रमाला? आनंद तर तिथून येणार.

अनवट:
याला एक चांगलं सूत्र आहे. उतारवयात माणसाला आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वात दाट आणि स्पष्ट असतात. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे वारंवार दिसलेलं आहे, आणि त्या काळात ऐकलेल्या संगीतालाही ते लागू पडतं. आज बाबा ७५ चे असतील तर ६५ ते ४५ वर्षांपूर्वी जे वाजत होतं, खेळलं जात होतं, ते शोधा. तुमच्या बालपणीची गाणी "जुनी" म्हणून त्यांना ऐकवली तर ती त्यांच्या चाळिशीची निघतात, आणि त्या वयात त्यांना ऐकायला सवड नव्हती.

निरपेक्ष:
उत्तम मुद्दा. पण फक्त जुनंच दाखवायचं असं करू नका. नवं बघायची हौस वयाने जात नाही. त्यांना ज्याची माहिती आहे, पण तुम्हाला नाही, असा कार्यक्रम निवडला तर आणखी चांगलं: विणकामाचं प्रदर्शन, जुन्या यंत्रांचं प्रदर्शन, हौशी संघाचा सामना. तिथे समजावून सांगणारे ते असतात आणि ऐकणारे तुम्ही.

नेपथ्य:
लांबीही बघा. मध्यंतराशिवाय ७५ ते ९० मिनिटं ही चांगली मर्यादा. दुपारचा किंवा चार-पाचचा खेळ असेल तर तोच घ्या. विस्मरणाचा आजार असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यात अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. अशा वेळी बाहेरच्या दाराजवळची जागा, आणि त्यांच्या खिशात नाव, तुमचा फोन नंबर व चालू औषधं लिहिलेला कागद.

खारूताई:
सायंतारा यांचा दुसरा प्रश्न राहूनच गेला: अचानक न्यावं का? माझं उत्तर: नाही. केस नीट करायचे असतात, आवडतं लुगडं किंवा सदरा काढायचा असतो, गोळ्यांची वेळ बसवायची असते. बाहेर जायची वाट बघण्यात अर्धा आनंद असतो, तो का हिरावायचा?

चालढाल:
मला उलट वाटतं. चार दिवस आधी सांगितलं की चार दिवस काळजी चालू. गुडघा दुखेल का, पाऊस येईल का, आणि शेवटी आदल्या रात्री "नको".

सायंतारा:
दोघांचंही पटतंय. म्हणून मधला मार्ग असा सुचतो: तारीख, वेळ, जागा आणि परतीची वेळ दोन दिवस आधी सांगायची. मंचावर काय आहे ते कळवायचं, पण त्यांच्या आवडीचा कोणता कलाकार किंवा त्यांचा कोणता जुना स्नेही तिथे येणार आहे ते राखून ठेवायचं. स्नेह्याला मात्र आधी फोन करून शेजारची खुर्ची घ्यायला लावायची.

रुईफूल:
छान. फक्त स्नेही चांगल्या कानाच्या बाजूला बसवा आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला जा. तुमच्याशी ते घरी गेल्यावरही बोलतील.

माळरान:
परत येताना "आवडलं का?" विचारलं की "हो, छान" एवढंच येतं. काय विचारावं?

निरपेक्ष:
@माळरान, नेमकं एक काहीतरी विचारा. "दुसरं गाणं आधी कुठे ऐकलं होतं?" किंवा "तो तबलजी ठेका मधेच बदलत होता, ते काय होतं?" आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. गाडीत रेडिओ बंद ठेवा. यंत्र वापरणाऱ्यांना गाडीच्या घरघरीत मागच्या सीटवरून बोललेलं कळत नाही, तेव्हा त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून बोला.

मधली_रांग:
आणि गाडी आणायला जाताना आईबाबांना रस्त्याच्या कडेला उभं करून जाऊ नका. आमच्याकडे दाराच्या आत बाक असतो, बहुतेक सभागृहांत असतो. तिथे बसवा, गाडी दारात लावा, मग बोलवायला आत या.